डिझेल हीटर नागपुरात पेटतो, सरचूला विझतो : बसवताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की नागपूरजवळच्या वाडीच्या आमच्या गॅरेजात एकाच तक्रारीच्या गाड्या यायला लागतात. कुणाची ट्रॅव्हलर, कुणाची बोलेरो. मागे पलंग, छोटा ओटा, सीटखाली हौसेनं स्वतः बसवलेला डिझेल हीटर. मालक नुकताच लेहहून नाहीतर स्पितीहून आलेला असतो. म्हणतो, "भाऊ, इथं तर मस्त चालून राहिला होता. वर गेल्यावर काऊन बंद पडला?"

हे यंत्र मुळात ट्रकच्या केबिनसाठी आणि बोटींसाठी चालत आलेलं. पंप थेंब थेंब डिझेल पाठवतो, ते बंद चेंबरमध्ये जळतं आणि चेंबरच्या तापलेल्या अंगावरून पंखा गाडीतली हवा फिरवतो. म्हणजे हवा दोन प्रकारची. जळायला लागणारी बाहेरून येते आणि धूर होऊन बाहेरच जाते. आपल्या अंगाला लागणारी वेगळी. या दोन हवा एकमेकींना कधीच भेटायला नकोत, एवढं डोक्यात पक्कं असेल तर निम्म्या चुका होतच नाहीत.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते उंचीला. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर. इथं हीटर लावला, निळसर स्वच्छ जळाला, की माणूस खूश. पण लेह ३५०० मीटरवर आहे, मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू सुमारे ४३०० मीटरवर. लेहला हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के, सरचूला ६५ टक्क्यांच्या आसपास. पंप मात्र नागपुरात द्यायचा तेवढंच डिझेल देत राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, मग उरलेल्याची काजळी होते.

निवृत्त शिक्षक असलेले एक काका आणि काकू गेल्या जूनमध्ये असेच निघाले. हीटर भाच्यानं एका रविवारी दोन तासांत बसवलेला. जूनच्या नागपुरात हीटर कोण लावून बसणार, म्हणून पाच मिनिटं चालवून बंद केला. मनालीला चांगला चालला. केलाँगला सायलेन्सरमधून काळा धूर आला, पण गरम हवा येत होती म्हणून काकांनी लक्ष दिलं नाही. वर "डिझेल वाचेल" म्हणून रात्रभर अगदी कमीवर ठेवला. सरचूला पोचल्यावर तीनदा लावला, तिन्ही वेळा पांढरा धूर आणि स्क्रीनवर एरर. विरळ हवेनं काकूंचं डोकं आधीच धरलं होतं. दोघांनी असतील नसतील ते स्वेटर घालून रात्र बसून काढली. परत आल्यावर मी चेंबर उघडला तेव्हा चमच्यानं खरवडावी लागेल इतकी काजळी निघाली. ग्लो प्लग म्हणजे डिझेल पेटवणारी, विजेनं तापणारी कांडी; तिच्याभोवतीच्या जाळीचं एकही छिद्र मोकळं नव्हतं.

काकांना हीटर विकणाऱ्यानं एक शब्द सांगितला नव्हता, आणि भाच्याला विचारायला सवड नव्हती. या घाईचा मला राग येतो. व्हिडिओत बसवणारा माणूस कॅमेऱ्यासमोर वीस मिनिटांत मोकळा होतो, पण त्या गाडीत त्याला झोपायचं नसतं.

माझी पद्धत अशी. घ्यायचाच असेल तर उंचीप्रमाणे डिझेल आपोआप कमी करणारा हीटर घ्या. महाग पडतो, पण वर जायचं असेल तर तोच घ्या असं मी स्पष्ट सांगतो. साधा असेल तर त्याच्या कंट्रोलरमध्ये पंपाचे ठोके (ठोक्यागणिक थोडं डिझेल जातं) आणि पंख्याची गती बदलायची सोय आहे का ते विकत घेण्याआधी बघा. वरच्या मुक्कामांसाठी मी ठोके थोडे थोडे कमी करत आणतो, धूर दिसेनासा होईपर्यंत. आकडा वहीत लिहून गाडीतच ठेवतो, कारण खाली उतरल्यावर तो परत मूळ जागी आणावा लागतो. आणि रोज सकाळी निघण्याआधी वीस-तीस मिनिटं फुल्लवर चालवायचा, म्हणजे रात्रीची काजळी जळून जाते. छोट्या गाडीत पाच किलोवॅटचा हीटर घालणारेही याच कारणानं पस्तावतात. तो सतत कमीवर रांगतो आणि आतून काळा होतो. बोलेरोएवढ्या जागेला दोन किलोवॅट भरपूर.

दुसरी चूक जिवावरची आहे. हीटर असलेली कुठलीही गाडी कामाला आली की मी हीटर चालू करून माझा कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे धुरातल्या विषारी वायूचा, अलार्म तिच्या पलंगावर ठेवतो, काम कुठलंही असो. एका डिसेंबरमध्ये फक्त पडद्याचं चॅनल बदलायला आलेल्या गाडीत तो वीस मिनिटांत ओरडला. सीटखालचा खोका उघडला तर धुराच्या पाइपाचा जोड खोक्याच्या आतच, क्लॅम्प बोटानं फिरत होता. जळणासाठी हवा ओढणारा पाइपही आतच सोडलेला. त्या पलंगावर मालकाचं चार वर्षांचं लेकरू झोपायचं. तो म्हणाला, "पण वास तर कधीच आला नाही." कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच जातो.

म्हणून हीटरचे दोन्ही पाइप पत्र्याच्या खालीच निघाले पाहिजेत आणि केबिनमध्ये धुराचा एकही जोड नको. हीटर ज्या पत्र्यावर बसतो तो सपाट करून घ्या. ट्रॅव्हलरच्या तळाला उंचवटे असतात, त्यावर गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, कधीच नीट बसत नाही. मी जाड लोखंडी पट्टी कापून, घासून, आधी ती बसवतो. धुराचं तोंड हवेच्या तोंडापासून लांब, खिडकीखाली नाही, गाडीच्या पुढच्या दिशेलाही नाही. धुराच्या पाइपाला झोळ पडत असेल तर सगळ्यात खालच्या जागी बारीक छिद्र ठेवा, नाहीतर तिथं पाणी साचून धूर अडतो. पाइप वायरींपासून आणि डिझेलच्या नळीपासून दूर. आणि अलार्म घ्याच. हीटरला पैसे आहेत आणि अलार्मला नाहीत, असं सांगणाऱ्याचं काम मी परत पाठवतो.

आता वायर. चालू असताना हीटर फारसा करंट खात नाही, पण पेटताना ग्लो प्लग दहा अँपिअरच्या आसपास घेतो. बॅटरी चार मीटरवर असेल तर जाऊन-येऊन आठ मीटर वायर झाली. दीड चौरस एमएमच्या वायरीत तिथंच एक व्होल्ट जातो. थंडीनं मंदावलेली बॅटरी, मधे पिळून टेप मारलेला एक जोड, की हीटर "व्होल्टेज कमी" म्हणून पेटायलाच नकार देतो आणि मालक ग्लो प्लग बदलत बसतो. मी सहा चौरस एमएमची टाकतो, थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळ. व्होल्टमीटर बॅटरीवर नाही, हीटरच्या प्लगवर लावून बघा, तोही पेटण्याच्या वेळी.

मेन स्विच पाडून हीटर बंद करू नका, कधीच. बटणानं बंद केल्यावर पंखा तीन ते पाच मिनिटं फिरून चेंबर गार करतो. मधेच वीज तोडली तर आतली उष्णता पंख्यात आणि सर्किटमध्ये शिरते. आमच्याकडे जळालेले बोर्ड येतात त्यातले बरेचसे याच घाईचे.

पंप आडवा नको, बाहेर जाणारं तोंड वर ठेवून तिरपा, रबरावर टांगलेला. सोबत आलेली मऊ नळी फेकून द्या, बारीक भोकाची कडक नायलॉन नळी घ्या. जोडात दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत, नाहीतर तिथं बुडबुडा धरतो. गरम हवेचा पाइप मधेच बारीक करू नका, काटकोनात वाकवू नका.

पहिल्यांदा लावताना नळीत डिझेल पोचलेलं नसतं. पेटला नाही म्हणून पाच-सहा वेळा बटण दाबणारे चेंबरमध्ये डिझेलचं तळं करतात आणि मग सगळी गल्ली पांढऱ्या धुरानं भरते. आधी कंट्रोलरवरून फक्त पंप चालवून नळी भरून घ्या.

ऑक्टोबरनंतर वर जाणार असाल तर नागपुरात भरलेलं डिझेल टाकीत घेऊन जाऊ नका. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण धरतं आणि हीटरची बारीक नळी इंजिनाच्या आधी तुंबते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये आणलं. खालचं संपवत जा आणि तिथं ते भरा.

सोबत एक ग्लो प्लग, त्याच्या दोन जाळ्या, चेंबरचं गॅस्केट, दोन फ्यूज आणि प्लग काढायचा पाना ठेवा. जाळी बदलायची कशी ते निघण्याआधी घरच्या अंगणात, उजेडात, एकदा स्वतःच्या हातानं करून बघा.