विद्यार्थ्यांचं ग्राफिक डिझाइन प्रदर्शन कसं पाहावं

उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका. तेव्हा कामांपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त दिसतात. मधल्या एखाद्या दिवसाची दुपार निवडा आणि दीड-दोन तास हाताशी ठेवा. सोबत वही, पेन्सिल आणि जमलं तर १० पटीचं भिंग घ्या.

पहिली फेरी कुठेही न रेंगाळता मारा. जिथे पाय आपोआप अडखळले ती चार-पाच कामं टिपून ठेवा. दुसरी फेरी त्यांच्यासाठीच.

पोस्टर आधी १०-१२ फुटांवरून बघा. मुख्य मुद्दा दोन-तीन सेकंदांत कळला, तर मांडणी जमली. मग हातभर अंतरावर या. ए-२ पोस्टर (४२० × ५९४ मिमी) लॅपटॉपवर बरंच लहान दिसतं, म्हणून मुलं अक्षरं वाढवत जातात आणि छापल्यावर तळाचा पत्तासुद्धा ओरडू लागतो. पूर्ण आकाराचा एकही प्रिंट आधी काढून पाहिलेला नसतो.

मराठी मजकुरापाशी जास्त वेळ थांबा, खरी परीक्षा तिथे असते. रोमनच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघेचे तुकडे पडतात. ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा-रफारांत घुसतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे गेली असेल, जोडाक्षरांचे पाय मोडले असतील, तर सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू केलेली नाही. शेवटच्या रात्रीच्या घाईत हे हमखास निसटतं.

भिंग काढायचं ते बारीक काळ्या अक्षरांसाठी. कडेला निळी-गुलाबी झाक दिसली, तर काळा रंग चार शायांतून बनवलाय आणि छपाईत त्या किंचित सरकल्यात. पडद्यावरचा झगझगीत निळा कागदावर जांभळट किंवा मळकट होतो, तो दोष मात्र बहुतेकदा आरजीबी (पडद्यासाठीच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतली) फाइल तशीच छपाईला दिल्याचा.

पुस्तिका विचारूनच हातात घ्या. मधलं पान उघडा: मजकूर शिवणीत गडप होतो का? घडीवर रंग तडकला असेल, तर कागदाच्या तंतूंची दिशा घडीला आडवी गेलीय किंवा घडीआधी क्रीझ (दाबून पाडलेली खाच) मारलेली नाही.

लोगोशेजारी तो छापलेल्या कॉफी-मग, पिशवी, टी-शर्टची चित्रं (मॉकअप) असतातच. त्यांना भुलू नका, मॉकअपवर काहीही खपतं. तो लोगो एका रंगात आणि १६ पिक्सेलच्या आकारात कसा दिसतो ते दाखवायला सांगा.

टेबलावर रफ स्केचेसची वही असेल तर भिंत सोडून आधी तिच्याकडे वळा. एकाच कल्पनेची तीस-चाळीस रूपं आणि त्यावरच्या काटछाटी दिसल्या, तर समोर विचार करणारा विद्यार्थी आहे. “सॉफ्टवेअर कोणतं वापरलंस?” याचं उत्तर फारसं कामाचं नसतं. त्याऐवजी विचारा: ब्रीफ (करायला दिलेलं काम) काय होतं? यातला कोणता पर्याय टाकून दिलास, आणि का? गटाचं काम असेल तर तुझा वाटा कोणता?

फोटो परवानगीनेच, फ्लॅश बंद करून आणि थोडं बाजूने काढा. समोरून लॅमिनेशनवर दिवे चमकतात. कामाशेजारच्या नावपट्टीचाही एक फोटो लगेच घ्या. घरी आल्यावर कोणतं पोस्टर कुणाचं, हे हमखास विसरतं.