बेळगावात एलएलपी चालवताना राज्याचे कर कसे भरायचे

टिळकवाडीत मी लोकांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते. माझ्याकडे येणारे बहुतेक उद्यमबागेतले, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतले. लेथ, मिलिंग, कास्टिंगचं मशीनिंग. वडिलांच्या काळात साधी भागीदारी होती, आता मुलांनी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली. कागद पुढे ठेवले की मी आधी विचारते: मशीन कुठे आहे, माल कुठे ठेवता, बिल कुठून करता? तुम्ही मूळचे चंदगडचे, एक भागीदार कोल्हापूरला राहतो, घरात मराठी बोलता, यातल्या कशानंही राज्याचा कर ठरत नाही. तो ठरतो धंद्याच्या जागेवरून. आपल्या भागात ही जागा पुष्कळदा सीमेच्या दोन्ही बाजूंना असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

केंद्राचं काम आधी बाजूला काढून ठेवा. एलएलपीचा कायदा २००८ चा, केंद्राचा. त्याचा फॉर्म ११ (वार्षिक विवरण) दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशेबाचं विवरण) ३० ऑक्टोबरपर्यंत, वर्षभरात एक रुपयाचाही धंदा झाला नसला तरी. इन्कम टॅक्सही केंद्राचाच. हे तुमचे सीए बघतात. राज्याकडे उरतात दोन गोष्टी: जीएसटी आणि प्रोफेशनल टॅक्स (व्यवसाय कर).

जीएसटीत मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही, सेवेसाठी ही मर्यादा २० लाख. हे ऐकून लोक निश्चिंत होतात. पण ४० लाखांची सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. उद्यमबागेतून सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला एक टेम्पो माल विकला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि मग उलाढाल दोन लाख असो की वीस, नोंदणी घ्यावीच लागते. कंपोझिशनचंही, म्हणजे छोट्या धंद्यासाठी उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरायच्या योजनेचंही, तसंच. त्या योजनेत असताना परराज्यात माल विकता येत नाही. ज्याचं गिऱ्हाईक कोल्हापूर, सावंतवाडी किंवा गोव्यात आहे, त्यानं कंपोझिशनच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

बिल करताना गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. २९ म्हणजे कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. माल तुमच्याकडून निघून त्याच्याच राज्यात उतरत असेल तर २९ ला सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा), बाकी दोघांना आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीचा कर). चुकीच्या खात्यात भरलेला कर नीट करायला आधी बरोबर खात्यात पुन्हा भरावा लागतो आणि मग जुन्याचा परतावा मागावा लागतो. छोट्या वर्कशॉपचं खेळतं भांडवल तेवढे महिने अडकून पडतं. म्हणून बिल हातातून सुटण्याआधीच बघा.

जॉबवर्कवाल्यांनी, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून देणाऱ्यांनी, पुढचं नीट वाचा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीचं कास्टिंग उद्यमबागेत मशीनिंगला येतं, तेव्हा माल ५० हजारांच्या आत आहे म्हणून ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) सोडून देतात. ५० हजारांची मर्यादा इथे लागू नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडे माल पाठवायचा असेल तर किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल लागतं. ते माल पाठवणाऱ्यानं काढायचं, किंवा जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर त्यानं. कोण काढणार हे फोनवर आधीच ठरवून घ्या. तपासणीत गाडी अडली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ड्रायव्हर बिचारा उन्हात उभा राहतो.

आता दोन जागांचा प्रश्न. कारखाना उद्यमबागेत आणि गोडाऊन शिनोळीत असेल तर पॅन एकच, पण जीएसटी नंबर दोन लागतात: एक कर्नाटकाचा, एक महाराष्ट्राचा. कायद्याच्या नजरेत या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. त्यामुळे स्वतःचाच माल स्वतःच्याच गोडाऊनला पाठवला, एक पैसा हातात आला नाही, तरी तो पुरवठा धरला जातो. आयजीएसटी लावून बिल करायचं आणि तिकडच्या नंबरवर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं. बिलाशिवाय, साध्या डिलिव्हरी चलनावर माल हलवू नका.

प्रोफेशनल टॅक्समध्ये दोन्ही राज्यांचे नियम इतके वेगळे आहेत की एकच पगारपत्रक दोन्हीकडे चालत नाही. कर्नाटकात महिना २५ हजारांच्या खाली पगार असेल तर काहीच कापायचं नाही. २५ हजार किंवा जास्त असेल तर महिना २०० रुपये, आणि एप्रिल २०२५ पासून फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात १० हजारांच्या वर पगार असलेल्या पुरुषाचे २०० रुपये कापावेच लागतात, फेब्रुवारीत तिथेही ३००. बायकांना मात्र २५ हजारांपर्यंत माफी. म्हणजे १५ हजारांवर काम करणारा हेल्पर उद्यमबागेत असेल तर कपात शून्य, शिनोळीच्या गोडाऊनवर असेल तर वर्षाला २,५०० रुपये. संविधानाच्या कलम २७६ नुसार यापेक्षा जास्त घेता येत नाही.

कर्नाटकात कपात केलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत ई-प्रेरणा पोर्टलवर भरायची, त्यासोबत फॉर्म ५-ए. वर्ष संपल्यावर ६० दिवसांत फॉर्म ५. धंद्याच्या नावानं जी वेगळी नोंदणी असते, तिचे वार्षिक पैसे ३० एप्रिलपर्यंत. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर तिकडची वार्षिक रक्कम ३० जूनपर्यंत, आणि तिथे एलएलपीची वेगळी व प्रत्येक भागीदाराची वेगळी. हे भागीदारांना आधीच सांगून ठेवा.

जीएसटीच्या तारखा: उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही रिटर्न निवडा. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) तिमाही संपल्यावर १३ तारखेला, जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं रिटर्न) २२ तारखेला, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनानं. व्यवहार शून्य असला तरी रिटर्न भरायचंच. उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये लागतात.

राज्याच्या खात्याचं पत्र कन्नडमध्ये येऊ शकतं. वाचता येत नाही म्हणून ते ड्रॉवरमध्ये ठेवणं फार महागात पडतं, कारण उत्तराची मुदत तोवर धावत असते. आलं त्याच दिवशी फोटो काढून हिशेब बघणाऱ्याला पाठवा.

आणि धंदा बंद करायचा ठरला तर नुसतं शटर ओढून चालत नाही. जीएसटी नोंदणी रद्द करून तीन महिन्यांत जीएसटीआर-१० (शेवटचं रिटर्न) भरा, प्रोफेशनल टॅक्सच्या नोंदण्या दोन्ही राज्यांत बंद करा, मग एलएलपी बंद करायचा फॉर्म २४.