फॅमिली कोर्टात वकिली करायचीय? आधी ताळेबंद वाचायला शिका

वकिली करायची म्हणणारी मुलं-मुली भेटली की प्रश्न ठरलेला असतो : "फॅमिली कोर्टातच काम करायचंय, मग बी.ए.ला मानसशास्त्र घेऊ ना?" घ्या की, वाया नाही जाणार. मी मात्र बी.कॉम. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला गेले. कॉलेजात त्याची जरा लाजच वाटायची. पुण्यात पोटगीची कामं हातात आली आणि लाज पळाली.

पोटगीच्या कामात दोन्ही बाजूंनी आपली मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर सांगायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात घालून दिलंय. प्रतिज्ञापत्र येतं, सोबत आयकर रिटर्नच्या प्रती येतात, आणि ज्युनियर मंडळी त्या न वाचताच फाइलला लावतात. माझ्या एका कामात (तपशील बदललेत) नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. वर्षाचा नफा दाखवला २ लाख ४० हजार. मी ताळेबंद उलगडला. भांडवल खात्यात ‘उचल’ (मालकाने धंद्यातून स्वतःसाठी काढलेले पैसे) होती ७ लाखांची. म्हणजे कमाईच्या जवळजवळ तिप्पट पैसा घरखर्चाला! तूट भरायला धाकट्या भावाकडून ‘हातउसने’. उलटतपासणीत विचारलं, "उसने कधी फेडले?" नवरोबा आपल्या वकिलाकडे बघायला लागले. खरी कमाई लपवलीय, हा संशय पक्का झाला. उचल आणि घसारा (वापराने वस्तूची घटणारी किंमत) हे शब्द मी अकरावीला घोकले होते, कोर्टात कामी येतील असं स्वप्नातही नव्हतं.

तेव्हा पदवीला मानसशास्त्र, समाजशास्त्र काहीही घ्या, पण हिशेबाची एवढी ओळख करून घ्याच. लॉला ऐच्छिक विषयांत करकायदा मिळत असेल तर सोडू नका.

कौटुंबिक कायद्याचे पेपर सगळ्यांनाच असतात, त्यात निवडायला काही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, विशेष विवाह कायदा १९५४ हे वाचून होतातच. गोव्यात वकिली करणार असाल तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा वेगळा अभ्यासावा लागेल. सीनियरच्या जुन्या नोट्सवर भिस्त असेल तर एक सांगते : जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची खावटी, म्हणजे पोटगीच, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेलीय.

खरा घोळ होतो तो प्रक्रियेत. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ आम्ही ‘पाच मार्कांचा’ म्हणून सोडला होता. पहिल्याच तारखेला वकालतनामा घेऊन ऐटीत उभी राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, "परवानगीचा अर्ज कुठाय?" त्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे पक्षकाराला तिथं हक्क म्हणून वकील देता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. पक्षकारासमोर कान लाल झाले माझे. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेचा कंटाळवाणा पेपर मन लावून करा आणि हा छोटा कायदा एकदा अथपासून इतिपर्यंत वाचा.

ड्राफ्टिंगचं जर्नल मैत्रिणीचं बघून उतरवू नका. आणि मराठीत ड्राफ्ट करा! पक्षकार बाईला स्वतःच्या अर्जात काय लिहिलंय ते कळत नसेल, तर उलटतपासणीत ती पहिल्या दहा मिनिटांत अडकते. ‘क्रूरता’ हा शब्द लिहून काही सिद्ध होत नाही. कुठल्या दिवाळीला, कोणासमोर, काय बोलणं झालं, ते तिच्याच शब्दांत यायला हवं.

इंटर्नशिपला गेलात तर एक अडचण येईल. इथलं कामकाज कित्येकदा बंद दाराआड चालतं, समुपदेशकाच्या खोलीतही पक्षकारच जातात आणि आपण बाहेर बाकावर. तो वेळ मोबाइलवर घालवू नका. सीनियरकडून निकाल लागलेली, शेवटपर्यंत लढलेली एक फाइल मागून घ्या आणि तिचा रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद) पहिल्या तारखेपासून वाचत जा. कोणी ‘से’ (अर्जावरचं लेखी म्हणणं) द्यायला किती तारखा घेतल्या, अंतरिम पोटगीचा अर्ज कधी सुनावणीला आला, मुलाला भेटायची पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) कुठे पडली, सगळं त्यात सापडतं.