जुनी छोटी गाडी: पार्ट स्वस्त, खोलाखोली महाग, या चुका टाळा

क्लच बदलून गाडी घरी आणली आणि पंधराव्या दिवशी ती उभी असते तिथे ऑइलचा काळा ठिपका दिसला, बरोबर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील गळत होतं. सील म्हणजे काय, तर एक रबरी कडी. क्लचच्या किटपुढे तिची किंमत हिशेबात धरण्यासारखीही नाही. पण तिथवर पोचायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. ती मजुरी मी दुसऱ्यांदा भरली, आणि नवी कोरी क्लच प्लेट ऑइलने माखल्यामुळे तीही गेली. गिअरबॉक्स आधीच खाली होता तेव्हा सील बदलायला किती वेळ लागला असता? फार तर अर्धा तास. मी विचारलं नाही, मेकॅनिकनेही विषय काढला नाही.

छोट्या हॅचबॅकचं सगळं अर्थकारण या एका ठिपक्यात आहे. इंजिन आडवं बसवलेलं, त्याला लागूनच गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना जाणारे ड्राइव्ह शाफ्ट तिथेच, आणि हे सगळं एवढ्याशा बॉनेटखाली. गाड्या लाखांनी बनतात म्हणून सुटे भाग स्वस्त मिळतात, पण हात घालायला जागा नसते. त्यामुळे एस्टिमेट घेताना नुसता एकूण आकडा विचारू नका. पार्टचे किती, मजुरीचे किती, आणि एवढं खोललंच आहे तर आत आणखी काय बदलून घ्यावं, हे तिन्ही प्रश्न विचारा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा.

थरथर म्हणजे क्लचच, असं धरून चालणं

क्लच घसरतोय का हे तपासणं सोपं आहे. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, तिसरा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, क्लच हळूहळू सोडा. इंजिन आचके देऊन बंद पडलं तर प्लेट पकडते आहे. क्लच पूर्ण सोडूनही इंजिन आरामात चालूच राहिलं, तर प्लेट संपली. एकदाच करून पाहा. कौतुकाने चार वेळा केलंत तर उरलीसुरली प्लेटही जाईल.

पण गिअर पडायला जड जातोय, ही वेगळी तक्रार आहे. तिथे प्लेटआधी क्लचची केबल किंवा हायड्रॉलिक सिलिंडर पाहायचा. आणि गाडी उचलताना, म्हणजे जागेवरून निघताना, थरथरते, ही आणखी वेगळी. तीन सिलिंडरचं इंजिन स्वभावतःच थोडं थरथरतं. ती थरथर पिऊन टाकायचं काम इंजिन माउंटिंगचं रबर करतं, आणि ते फाटलं की लोक क्लच बदलत बसतात. बॉनेट उघडा, एकाला गाडीच्या बाजूला उभं करा, पुढे नाही. ब्रेक दाबून पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडला आणि इंजिन उडी मारल्यासारखं उचललं गेलं, तर माउंटिंग आधी बदला. ते बरंच कमी खर्चात होतं.

प्लेट खरोखरच गेली असेल तर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग आणि ते सील एकदमच. यात काटकसर करू नका.

‘गाडी चाललीच कुठे आहे?’

दहा वर्षांची गाडी, मीटरवर जेमतेम चाळीस हजार किलोमीटर. विकणारा अभिमानाने सांगतो, घेणारा खूश होतो. पण टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ राखणारा पट्टा, रबराचा असतो, तो उभ्या गाडीतही म्हातारा होतो. बहुतेक कंपन्या बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही मर्यादा देतात. जी आधी येईल ती पाळायची. किलोमीटरची मर्यादा साधारण साठ हजार ते एक लाखाच्या आसपास, पण इंजिनागणिक फरक पडतो, म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडाच. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. एका रबरी पट्ट्याच्या जागी अर्ध्या इंजिनाचं काम निघतं.

बेल्टबरोबर त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलरची चाकी बदलाच. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. जुना पंप पुढे गळायला लागला की हीच सगळी खोलाखोली पुन्हा नशिबी येते.

‘आमच्या गाडीला बेल्टऐवजी चेन आहे, काही करावं लागत नाही,’ हे अर्धसत्य. ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात चेन सैल होते, टेन्शनर थकतो. गार इंजिन चालू करताच पहिले एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते आणि मग सगळं शांत. म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर ‘थोड्या वेळाने येतो’ म्हणा, आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावर स्वतः चावी फिरवा.

तिसरा प्रकारही आहे: ऑइलमध्येच फिरणारा बेल्ट. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनांच्या अनेक आवृत्त्यांत तो आहे. इथे चुकीच्या प्रतीचं ऑइल टाकलं की बेल्ट फुगतो, त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचा दाब पडतो. अशी गाडी ऑइलच्या पावत्यांशिवाय मी तरी घेणार नाही.

कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी

एकदा अडीअडचणीला टाकलं तर ठीक. पण दर आठवड्याला टाकावं लागत असेल तर पाणी जातंय कुठे, हा प्रश्न विचारायला हवा. साध्या पाण्याने आत गंज आणि क्षार साचतात. बहुतेक गाड्यांत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं चालतं. गाडी गरम होत असेल तर तपास स्वस्ताकडून महागाकडे न्या: पातळी, रेडिएटरची कॅप, पंखा आणि त्याचा रिले, थर्मोस्टॅट, मग वॉटर पंप, आणि शेवटी हेडखालचं हेड गॅस्केट. नुसती कॅप सैल असली तरी दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

सर्वांत महाग चूक म्हणजे ‘अजून दोनच किलोमीटर’. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्यात वाकू शकतं. तापमानाच्या काट्यावरही आंधळा विश्वास नको. कूलंट पूर्ण निघून गेलं की सेन्सर हवेत लोंबकळतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. आपल्याला वाटतं, गाडी थंड झाली. गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि गरम असताना कॅपला हात लावू नका.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली म्हणून लगेच घाबरूही नका. थंड हवेत रोज छोट्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या बाष्पानेही ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, कूलंट घटत असेल आणि टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर मात्र हेड गॅस्केट तपासून घ्या.

कोड वाचला, पार्ट बदलला, दिवा पुन्हा लागला

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला की गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा स्कॅनर तक्रार सांगतो, दोषी सांगत नाही. पी०४२० हा कोड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, नीट काम करत नसल्याचा. लोक सरळ कन्व्हर्टर बदलतात, जो छोट्या गाडीतल्या महागड्या भागांपैकी एक. पण मागचा ऑक्सिजन सेन्सर बिघडला असेल किंवा सायलेन्सरच्या पाइपला फट असेल तरी हाच कोड येऊ शकतो. आणि इंजिन मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल, तर नवा कन्व्हर्टरही काही दिवसांत जळेल.

मिसिंगचा शोध घरच्या घरी लागू शकतो. समजा पी०३०२ आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. एकही पार्ट विकत न घेता निम्मा तपास झाला.

गाडी विकत घेताना स्कॅनरवर एकही कोड नाही, पण गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वयंतपासण्यांपुढे ‘अपूर्ण’ दिसतंय? मग कोड नुकतेच पुसलेले असण्याची किंवा बॅटरी काढलेली असण्याची शक्यता बरीच. थोडे दिवस गाडी चालल्यावर पुन्हा तपासू, असं सांगा.

खालून येणारे आवाज

पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी उचलताना टक-टक-टक येतं ते बहुधा बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाजवळच्या सांध्याचं. त्याची सुरुवात रबरी बूट फाटण्यापासून होते: ग्रीस उडतं, धूळ आत जाते. बूट फाटल्याचं वेळेत दिसलं तर बूट आणि ग्रीसवर भागतं, नाहीतर जॉइंट.

बारीक खड्ड्यांवर खुळखुळ येते तेव्हा शॉक ॲब्सॉर्बर बदलायला धावू नका. आधी स्टॅबिलायझरची लिंक रॉड पाहा, मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट.

वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ ही व्हील बेअरिंगची ओळख. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. आवाज तेव्हा वाढला तर संशय उजव्या बाजूवर. मात्र वेडावाकडा झिजलेला टायरही अगदी असाच घुमतो. पुढचे टायर मागे लावून पाहा; आवाजही मागे गेला तर बेअरिंग निर्दोष.

टायरवरून आठवलं: टायरच्या बाजूवर असलेल्या डॉटच्या (DOT) खुणेतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, रबराचं वय तिथे छापलेलं असतं.

थोडक्यात उरलेलं

एसी गार करत नाही म्हणून दरवर्षी गॅस भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी. आधी गळती शोधा. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला त्याचंच ऑइल लागतं, साधं ऑटोमॅटिकचं टाकलं तर दुरुस्ती सोडून गिअरबॉक्सच बदलायची वेळ येऊ शकते. सकाळी गाडी चालू होत नसेल तर बॅटरी घेण्याआधी मल्टिमीटर लावा: उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. ते सतत १२ च्या घरातच राहत असतील तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहा, नवी बॅटरीही तशीच उतरेल.

पैसे मोजकेच असतील तर माझा क्रम असा: ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, मग कूलिंग, मग टायमिंग, आणि खुळखुळ, थरथर, एसी त्यानंतर. काम झाल्यावर काढलेले जुने भाग मागून घ्या, निदान पाहून तरी घ्या. आणि टायमिंग बेल्ट बदलला असेल तर त्याच्या कव्हरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. पावती हरवते, कव्हर हरवत नाही.