क्योटो पायी बघायचं असेल तर

अमळनेर-चोपड्याकडचे ओळखीचे लोक जपानला निघाले की मला विचारतात, क्योटोत काय बघू? टूरच्या कागदावर एका दिवसात सहा-सात मंदिरं असतात आणि निम्मा वेळ बसमध्ये जातो. माझं ऐकाल तर रोज एकच बाजू धरा आणि ती पायी करा. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणाऱ्या आपल्या माणसांना हे चालणं जड नाही.

वाट चुकायची भीती नको. शहर ७९४ साली राजधानी म्हणून वसवलं, तेव्हाच रस्ते काटकोनात आखले. कामो नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. तिच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी हिगाशियामा आहे. पहिला दिवस त्यालाच द्या.

कियोमिझु-देरा मंदिर सकाळी सहाला उघडतं. सहालाच पोहोचा, नंतर तिथे यात्रा भरते. लाकडी सज्जावर सगळे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही पायऱ्या उतरून ओतोवाच्या धारेपाशी या आणि खालून वर बघा. माझे वडील सुतार होते, त्यामुळे माझी नजर आधी सांध्यांवर जाते. सज्जा तेरा मीटर उंच. खांबांना आरपार भोकं पाडून त्यांतून आडव्या तुळया ओवल्यात आणि फटींत पाचरी ठोकून घट्ट केल्यात. लोखंडी खिळा नाही. तुळयांच्या बाहेर आलेल्या टोकांवर पाणी मुरू नये म्हणून छोट्या फळ्यांची छपरं बसवलीत. हे काम १६३३ सालचं आहे. धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाने इथे निवांत उभं राहावं.

तिथून सान्नेनझाका, निनेनझाकाच्या दगडी उतारांवरून यासाका देवळापर्यंत, मग चिओन-इन करत नानझेन-जी. या मंदिराच्या आवारात विटांच्या कमानींवरून पाट जातो. बिवा सरोवराचं पाणी शहरात आणणारा तो कालवा १८९० साली पूर्ण झाला आणि अजून वाहतो. पांझरेच्या फडांचे पाट ज्यांनी बघितलेत त्यांनी वर चढून पाणी बघाच. पुढे कालव्याकाठची दोनेक किलोमीटरची ‘तत्त्वज्ञाची वाट’ गिन्काकु-जीपर्यंत नेते. सगळं मिळून पाच-सहा किलोमीटर. बहुतेक मंदिरं पाचच्या सुमारास बंद होतात, तो हिशोब ठेवा.

दुसऱ्या दिवशी पहाटे फुशिमी इनारीचं डोंगरावरचं देऊळ. क्योटो स्टेशनवरून नारा लाइनच्या लोकलने दुसरं स्टेशन. देवळाला तिकीट नाही, दिवसरात्र उघडं. लाल कमानींच्या सुरुवातीलाच गर्दी असते. योत्सुत्सुजीच्या चौकातून शहर दिसतं, आणि बहुतेक लोक तिथूनच परततात. डोंगर २३३ मीटरचाच आहे, तुम्ही वरपर्यंत जा.

दुपारी सान्जुसान्गेन-दो. एक सोडून सगळं गाळावं लागलं, तर मी हे ठेवीन. १२० मीटर लांब लाकडी मंडप, आत कान्नोनच्या १००१ मूर्ती. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. पुढच्या रांगेत २८ रक्षक देवता आहेत, त्यांत बासरी वाजवणारा गरुड शोधा. जळगावकडच्या माणसाला इतक्या लांब घरचं कुणी भेटल्याचा आनंद होतो. फोटोला मनाई आहे, ती पाळा.

तिसरा दिवस निजो किल्ल्याला. महालात चाललं की फरशीच्या फळ्या चिवचिवतात. खालच्या लोखंडी पट्ट्या खिळ्यांवर घासून तो आवाज येतो. सोनेरी किन्काकु-जी वेळ उरला तरच करा. ते १९५० मध्ये जळालं, आताचं १९५५ चं आहे, आणि जायला बसच लागते. गिओन या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, पाटी वाचून मागे फिरा.

बूट पटकन निघणारे घाला, मोजे धड असू द्या. बऱ्याच ठिकाणी अनवाणी नाही, मोज्यांवर चालायचं असतं. कचरापेट्या क्वचित, म्हणून एक पिशवी जवळ ठेवा.

शाकाहारी असाल तर साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही सुक्या माशाचं पाणी असतं, हे विसरू नका. देवळांचं शोजिन र्‍योरी जेवण शाकाहारी असतं, पण महाग. म्हणून खाकरे आणि शेंगदाण्याची लाल चटणी सोबत असू द्या. केळी मात्र नेऊ नका, ताजी फळं विमानतळावरच काढून घेतात.