उद्या अकाउंट्सची मुलाखत, हाती फक्त आजची संध्याकाळ

अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी फोन बऱ्याचदा आदल्या दिवशीच येतो. अशा वेळी बी.कॉम.ची जाडजूड पुस्तकं उघडू नका. लहान फर्ममध्ये व्याख्या फारशा विचारत नाहीत; संगणकासमोर बसवून चार बिलं टाकायला सांगतात.

म्हणून पहिला दीड तास टॅलीचा, म्हणजे हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरचा. टॅली प्राइमची शैक्षणिक आवृत्ती फुकट मिळते. ती महिन्यातल्या १, २ अशा मोजक्याच तारखा घेते, तेव्हा ५ तारखेची नोंद अडली तर चूक तुमची नाही. कोणत्या नोंदीला कोणती कळ ते पाठ करा: एफ४ कॉन्ट्रा (आपल्याच रोख आणि बँक खात्यांतली देवघेव), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल (रोख-बँक न येणाऱ्या इतर नोंदी), एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. प्रत्येकी तीन नोंदी हाताने करा, नुसतं वाचून बोटं वळत नाहीत. हमखास चुकतं ते इथे: बँकेत भरलेली रोकड रिसीटमध्ये टाकतात, ती कॉन्ट्रा आहे. ऑफिससाठी घेतलेला संगणक पर्चेस खात्यात टाकतात, तो स्थिर मालमत्तेत हवा.

मग जीएसटी. पुण्याहून नाशिकला १०,००० रुपयांचा माल, दर १८ टक्के: सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९०० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९००. तोच माल पणजीला, म्हणजे दुसऱ्या राज्यात गेला तर सगळा आयजीएसटी १,८००. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्र २७, गोवा ३०. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-३बी (एकूण गोषवारा आणि कर भरणा) २० तारखेला. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा. मार्चचा मात्र ३० एप्रिलपर्यंत.

बँक जुळवणीचं एक तरी गणित कागदावर सोडवा. रोख पुस्तकात बँकेची शिल्लक ५०,०००. दिलेला ८,००० चा चेक अजून वटलेला नाही, बँकेने २०० शुल्क कापलंय. पासबुकात ५७,८०० दिसतील. न वटलेल्या चेकचे पैसे बँकेत अजून आहेतच, म्हणून ते मिळवायचे. घाईत बरेच जण वजा करतात.

बायोडेटात ‘टॅली एक्सपर्ट’ लिहिलं असेल तर आजच खोडा. त्या एका शब्दावर पुढचे दहा प्रश्न येतात. दोन प्रती, गुणपत्रिका, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर रात्रीच पिशवीत ठेवा. पगाराचा आकडा सांगितला, की तो सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आहे की हातात येणारा, हे तिथेच विचारून घ्या.