कामाचा नकाशा काढताना पडून राहिलेला वेळ मोजा

प्रक्रियेचा नकाशा काढायला बसलं की बहुतेक जण फक्त कामं मांडतात: ऑर्डर आली, तपासली, मंजूर झाली, बिल निघालं. वेळ मात्र खातात दोन कामांमधल्या फटी. म्हणून प्रत्येक टप्प्याखाली दोन आकडे लिहा. एक प्रत्यक्ष कामाचा, दुसरा पुढच्या माणसाने हात लावेपर्यंत कागद पडून राहिला त्याचा. मंजुरीचं काम दहा मिनिटांचं आणि त्याआधीची वाट दोन दिवसांची, हे चित्र अगदी नेहमीचं.

आकडे विचारून भरू नका. विचारलं की लोक नियमात काय आहे ते सांगतात, घडतं ते नाही. नुकत्याच पूर्ण झालेल्या १० ते १५ ऑर्डरी घ्या (सोप्याच निवडू नका) आणि ईमेल, नोंदवही, सिस्टीममधल्या तारखा-वेळा जुळवा. भिंतीवर प्रत्येक विभागाची आडवी पट्टी आखा, टप्प्यांच्या चिठ्ठ्या चिकटवा. काम पट्टी ओलांडतं तिथेच ते सहसा अडकतं.

काम मागच्या टप्प्याकडे परत जातं तिथे लाल पेनाने मागे फिरणारा बाण काढा आणि शेजारी कारण लिहा. १५ पैकी सहा ऑर्डरी अपुऱ्या पत्त्यामुळे परत आल्या असतील, तर तपासणीला आणखी एक माणूस नेमून उपयोग नाही. पत्त्याशिवाय फॉर्म पुढेच जाऊ नये.

सॉफ्टवेअर नंतर. नको असलेली मंजुरी ऑनलाइन केली तरी ती नकोच असते. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन आठवड्यांनी तेच दोन आकडे पुन्हा मोजा.